जैन कथावाङ्मयातील प्रेम आणि त्याग : तरंगवतीच्या निमित्ताने

आपल्या ट्रस्टच्या पन्नास वर्षांच्या वाटचालीनिमित्त प्रसिद्ध होणाऱ्या या स्मरणिकेसाठी जैन इतिहासावर एखादा लेख द्यावा, अशी संपादक मंडळाची सूचना आली. इतिहास म्हटला की तीर्थक्षेत्रे, शिलालेख, आचार्यांच्या पट्टावली आणि दानशूर श्रेष्ठींची नावे आपल्या डोळ्यांसमोर उभी राहतात. भद्रावतीचे तीर्थ तर आपल्याच जिल्ह्यात आहे आणि त्याविषयी अधिकारवाणीने लिहिणारी मंडळी समाजात पुष्कळ आहेत. म्हणून मी एक निराळा, काहीशा संकोचाने बोलला जाणारा विषय निवडला आहे. तो म्हणजे आपल्या प्राचीन मुनिवरांनी लिहिलेल्या प्रेमकथा.

वीतराग प्रभूंची उपासना करणाऱ्या समाजाच्या ग्रंथभांडारांत शृंगाराने ओथंबलेल्या कथा शेकड्यांनी असाव्यात, हे ऐकून नव्या पिढीला नवल वाटते आणि जुन्या पिढीतील काहींना ते रुचत नाही. या कथा पाठशाळेतील मुलांना सांगाव्यात की नाहीत, आणि सांगायच्याच तर शृंगाराचा भाग गाळून केवळ दीक्षेचा प्रसंग तेवढा सांगावा काय, असा प्रश्न आपल्याकडेही अधूनमधून निघतो. माझे मत मी आरंभीच सांगून टाकतो. गाळून सांगितलेली कथा ही कथाच राहत नाही. ज्याच्या गाठी काहीच नव्हते त्याने सोडले तरी काय, हा हिशेब लहान मुलालाही कळतो.

शास्त्राची मर्यादा मात्र स्पष्ट आहे. स्थानांग सूत्रात चार विकथा सांगितल्या आहेत. त्यांत स्त्रीकथा पहिली. भोजनाच्या, देशाच्या आणि राजाच्या गप्पा तिच्या मागून येतात. साधूने यांत वेळ घालवू नये, असा दंडक आहे. त्याच ठिकाणी धर्मकथेचेही चार प्रकार दिले आहेत : श्रोत्याचे चित्त ओढून घेणारी आक्षेपणी, चुकीच्या मतापासून दूर नेणारी विक्षेपणी, संवेग उत्पन्न करणारी संवेजनी आणि निर्वेद उत्पन्न करणारी निर्वेदनी. आपल्या कथाकारांनी आपले काम पहिल्या पायरीपासून सुरू केले. चित्त ओढले गेले नाही तर पुढच्या पायऱ्यांवर येणार कोण?

हा विचार अतिशय मोकळेपणाने मांडला तो 'वसुदेवहिंडी'च्या मध्यम खंडाचे कर्ते धर्मसेनगणी महत्तर यांनी. 'वसुदेवहिंडी'चा पहिला खंड संघदासगणींचा, साधारण पाचव्या शतकातला, प्राचीन महाराष्ट्री प्राकृतातला. कृष्णपिता वसुदेव देशोदेशी हिंडतो आणि ठिकठिकाणी विवाह करतो, अशी ती कथा आहे. धर्मसेनगणी म्हणतात त्याचा आशय असा की, लोकांचे मन नरवाहनदत्तादिकांच्या प्रेमकथांत रमलेले आहे. धर्माचे नाव काढले की ज्वराने तोंड कडू झालेल्या रोग्यासारखे ते मान फिरवतात. तेव्हा कुशल वैद्य जसा रोग्याच्या आवडीच्या पदार्थातून औषध पोटात घालतो, तसा मी शृंगाराच्या मिषाने धर्मच सांगत आहे. आजच्या एखाद्या प्रवचनकाराने एवढ्या प्रांजळपणे आपली युक्ती उघड केली असती की नाही, याची मला शंका वाटते.

या ग्रंथाचे भाग्यही विलक्षण म्हणावे लागेल. मुनिश्री चतुरविजयजी आणि पुण्यविजयजी यांनी १९३०-३१ मध्ये भावनगरहून तो प्रकाशित केला, आणि थोड्याच वर्षांत जर्मन पंडित लुडविग आल्सडोर्फ यांनी दाखवून दिले की, गुणाढ्याच्या लुप्त झालेल्या 'बृहत्कथे'चे हे एक फार जुने जैन रूप आहे. मुंबईच्या रुईया महाविद्यालयात अध्यापन केलेले डॉ. जगदीशचंद्र जैन यांनी पुढे त्याचा सविस्तर अभ्यास सिद्ध केला. नरवाहनदत्ताची जी कथा लोकांच्या तोंडी होती, तिचाच साचा उचलून आपल्या आचार्यांनी त्यात आपला आशय भरला होता. व्यापारी भाषेत बोलायचे तर ठाण ओळखीचे, किनार आपली!

परंतु या सर्व परंपरेची आद्य नायिका म्हणजे तरंगवती. तिच्या कथेचे कर्ते आचार्य पादलिप्तसूरी. परंपरा त्यांचा संबंध प्रतिष्ठानच्या, म्हणजे आपल्या मराठवाड्यातील पैठणच्या सातवाहन राजसभेशी जोडते. पायाला औषधी लेप लावून ते आकाशमार्गे तीर्थांना जात, म्हणून पादलिप्त. आणि त्यांच्याच नावावरून पालीताणा हे नाव पडले, असेही सांगतात. प्रबंधग्रंथांत त्यांची एक गंमतीची आख्यायिका आहे. राजसभेतील पांचाल नावाच्या कवीने मत्सराने असा बोभाटा केला की, 'तरंगवती' ही इकडूनतिकडून उचललेली रचना आहे. पादलिप्तांनी योगबलाने मृत्यूचे सोंग घेतले. त्यांची अंत्ययात्रा पांचालाच्या दारावरून निघाली, तेव्हा तो धावत बाहेर आला आणि ज्याच्या मुखातून तरंगवतीसारखी नदी वाहिली त्याला हिरावून नेणाऱ्या यमाचे मस्तक कसे फुटले नाही, असा विलाप करू लागला. त्याबरोबर आचार्य उठून बसले! आख्यायिका खरी की खोटी हा प्रश्न बाजूला ठेवू. जैन समाजात एका प्रेमकथेच्या कर्तृत्वावरून अशी कथा रचली जावी, यातच त्या ग्रंथाची प्रतिष्ठा दिसते.

अनुयोगद्वार सूत्रात तरंगवतीकाराचा निर्देश आहे. निशीथसूत्राच्या चूर्णीत लौकिक आणि लोकोत्तर अशा दोन प्रकारच्या कामकथा सांगताना लौकिकाचे उदाहरण म्हणून नरवाहनदत्ताची आणि लोकोत्तराचे म्हणून तरंगवतीची कथा दिली आहे. येथे थांबून विचार करावा. चूर्णीकारांनी तिला धर्मकथा म्हणून झाकून ठेवले नाही. कामकथाच म्हटले, परंतु लोकोत्तर म्हटले.

मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाही. तो फार विस्तृत आणि बिकट होता, केवळ पंडितांच्या उपयोगाचा होता, त्यामुळे लोक तो ऐकेनासे झाले, अशी तक्रार करून एका उत्तरकालीन लेखकाने त्याचा संक्षेप केला. तो 'तरंगलोला' या नावाने सोळाशेहून अधिक प्राकृत गाथांत उरला आहे. त्याचा पुनर्जन्मही दूरदेशी झाला. जर्मन विद्वान एर्न्स्ट लॉयमान यांनी १९२१ मध्ये 'साध्वी' अशा अर्थाच्या नावाने त्याचे जर्मन भाषांतर प्रसिद्ध केले. त्या जर्मन भाषांतरावरून नरसिंहभाई पटेल यांनी ते गुजरातीत आणले, म्हणजे आपल्याच घरची वस्तू परदेशी जाऊन परत आली. पुढे डॉ. हरिवल्लभ भायाणी यांनी १९७९ मध्ये मूळ प्राकृत गाथा गुजराती अनुवादासह संपादित केल्या.

आता कथा. राजगृहात एक तरुण साध्वी गोचरीसाठी एका श्रीमंत घरी येते. तिचे रूप पाहून गृहिणी थक्क होते आणि विचारते, असे रूप असताना आपण हा मार्ग का धरला? साध्वी प्रथम टाळते. संसारातील सुखदुःखे आठवणे साध्वीला उचित नाही, असे म्हणते. मग ऐकणाऱ्यांना वैराग्याचा लाभ होईल म्हणून सांगू लागते. संपूर्ण कथा तिच्याच तोंडून येते, हे मला विशेष वाटते. इतक्या प्राचीन काळी एका स्त्रीने 'मी' म्हणून आपल्या प्रेमाची हकीकत सांगावी, आणि तीही साध्वीच्या वेषात, असे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही.

ती कौशांबीच्या ऋषभसेन श्रेष्ठींची लाडकी कन्या. शरद ऋतूत सप्तपर्णाच्या बहरात घरच्या बायका उद्यानात गेल्या असता तळ्यावर चक्रवाक पक्ष्यांची जोडी पाहून ती मूर्च्छित होते. तिला पूर्वजन्म आठवतो. गंगेच्या तीरावर ती चक्रवाकी होती. एका व्याधाने हत्तीवर बाण सोडला. तो चुकून तिच्या जोडीदाराला लागला. व्याधाला पश्चात्ताप झाला. त्याने काष्ठे गोळा करून पक्ष्याला अग्नी दिला आणि चक्रवाकीने त्या अग्नीत उडी घेतली.

ही हकीकत ती फक्त सारसिका या सखीला सांगते. मग पूर्वजन्मातील सर्व प्रसंग एका पटावर रंगवते. चित्रपट हा शब्द आज आपण निराळ्या अर्थाने वापरतो. मुळात पट म्हणजे कापड, हे माझ्यासारख्या कापडाच्या व्यापाऱ्याने सांगायला हवे असे नाही. कौमुदी उत्सवाच्या रात्री सारे नगर दीपशोभा पाहत रस्त्यांतून फिरत असते. तो पट हवेलीबाहेर मांडला जातो आणि सखी पहाऱ्याला बसते. लोक येतात, चित्रकलेची वाखाणणी करतात, पुढे जातात. एक तरुण मात्र पटापुढे येऊन मूर्च्छित पडतो. तो धनदेव सार्थवाहाचा पुत्र पद्मदेव. हजारो डोळ्यांनी तेच चित्र पाहिले. ज्याचे ते होते त्यालाच ते कळले.

येथपर्यंतची कथा कोणीही रसिकतेने ऐकेल. परंतु पुढचा भाग आपल्या समाजाने लक्षपूर्वक ऐकावा असा आहे. धनदेव मुलासाठी रीतसर मागणी घालतो आणि ऋषभसेन नकार देतो. वैर नाही, हुंड्याचा वाद नाही, कुलाचाही प्रश्न नाही. नकाराचे कारण एकच : हे लोक सार्थवाह आहेत, तांडा घेऊन सदैव परमुलखात हिंडणारे. त्यांच्या घरी दिलेली मुलगी एकवेणी बांधून, डोळे पुशीत, पतीच्या निरोपाची वाट पाहत जन्म काढील. त्यापेक्षा गरिबाला दिलेली बरी.

ही ओळ वाचली तेव्हा मला आपल्याच घराण्यांचा इतिहास आठवला. मारवाड, कच्छ, काठियावाडातून आपले पूर्वज व्यापारासाठी निघाले. काझीपेठ ते बल्हारशाह हा लोहमार्ग १९२९ मध्ये पूर्ण होऊन दिल्ली आणि मद्रास थेट जोडले गेले, त्याच्याही आधीपासून या जंगलमुलखात आपल्या लोकांचे जाणे-येणे होते. 'दिसावर' हा शब्द राजस्थानी घरांतील वृद्धांच्या तोंडी अजून आहे. पुरुष दिसावरला, बायको देशी. दोन-दोन, तीन-तीन वर्षांनी भेट. पेढीच्या वह्यांत प्रत्येक गाठोड्याची नोंद सापडते. देशी राहिलेल्या बायकांच्या त्या वर्षांची नोंद कोणत्याही वहीत नाही. ती राहिली आहे गीतांत, आणि 'तरंगलोले'तील या नकारात. ऋषभसेन हा निष्ठुर पिता नव्हता. त्याने व्यापारी जगाचा जमाखर्च बघितलेला होता, आणि त्याचे म्हणणे चुकीचे होते असे मी म्हणू शकत नाही.

तरीही मुलगी ऐकत नाही. ती रात्री सखीसह पद्मदेवाच्या घरी जाते आणि दोघे नावेत बसून यमुनेच्या प्रवाहाने निघतात. नावेतच त्यांचा गांधर्व विवाह होतो. पहाटे गंगेच्या वाळवंटावर उतरतात तोच दरोडेखोर त्यांना पकडतात आणि विंध्याच्या अरण्यातील आपल्या गुहेत नेतात. देवीपुढे बळी देण्याचे ठरते. दोर इतके घट्ट बांधलेले असतात की पद्मदेवाला हालचाल करवत नाही. तरंगवती आक्रोश करते. तेथे बंदी असलेल्या इतर स्त्रिया भोवती जमतात आणि विचारतात, तुम्ही कोण, कोठून आलात? ती पहिल्यापासून सारे सांगते : चक्रवाक, बाण, अग्नी, पट. बायका रडतात. आणि पहाऱ्यावरचा दरोडेखोर ते ऐकता ऐकता मूर्च्छित पडतो. शुद्धीवर येताच तो पद्मदेवाचे दोर सोडतो आणि रात्रीतून दोघांना अरण्याबाहेर पोहोचवतो.

तो कोण, हे पुष्कळ नंतर कळते. माझ्या मते संपूर्ण कथेचे मर्म या गुहेतील प्रसंगात आहे. एका प्रेमाची कथा ऐकून एका क्रूर माणसाच्या हातून दोर सुटतो. कथेतला हा पहिला त्याग एका दरोडेखोराचा आहे, हे ध्यानात घ्यावे. आणि तो धर्मोपदेश ऐकून घडलेला नाही. तो शृंगारकथा ऐकून घडला आहे. शृंगार गाळून सांगा असे म्हणणाऱ्यांना मी नम्रपणे विचारीन की, तरंगवतीने त्या गुहेत नेमके काय गाळायला हवे होते?

इकडे कौशांबीत काय झाले? मुलगी पळून गेली. तेव्हा ऋषभसेनाने दाराला कडी लावून घेतली काय? सारसिकेने पूर्वजन्माची हकीकत सांगितल्यावर दोन्ही श्रेष्ठी माणसे पाठवून मुलांचा शोध घेतात, परत येण्याचे पत्र देतात, वाजतगाजत स्वागत करतात आणि विधिपूर्वक विवाह लावून देतात. मुलामुलींनी आपल्या मनाने लग्न केले म्हणून वर्षानुवर्षे बोलणे टाकलेली घरे आपण सर्वांनी पाहिली आहेत. आपल्या मुनींनी पंधराशेहून अधिक वर्षांपूर्वी जे लिहिले त्यात बापाचा नकारही सकारण आहे आणि त्याने तो मागे घेणेही सहज आहे. बापाचा हट्ट सुटणे हाही या कथेतील एक त्यागच म्हणायचा.

पुढे दोघे सुखाने संसार करतात. एका वसंतात उद्यानात फिरताना अशोकवृक्षाखाली ध्यानस्थ मुनी दिसतात. दोघे वंदन करून त्यांचा वृत्तांत विचारतात. मुनी सांगतात, मी एका जन्मी व्याध होतो. हत्तीवर सोडलेला माझा बाण एका चक्रवाकाला लागला आणि त्याची सहचरी अग्नीत जळाली. पुढे वाराणसीत श्रेष्ठीकुळात जन्मलो, द्यूताच्या नादाने चोर झालो, दरोडेखोरांत मिसळलो. एके दिवशी एक जोडपे पकडून आणले. त्या स्त्रीने बंदी बायकांना आपली हकीकत सांगितली आणि मला माझा बाण आठवला. त्यांना सोडले आणि मी दीक्षा घेतली.

समोर बसलेले श्रोते कोण, हे वाचकांना सांगणे नलगे. ज्याने मारले, त्यानेच वाचवले, आणि तोच आता मार्ग दाखवीत आहे. दोघेही तेथेच अलंकार उतरवून केशलोच करतात. घरची मंडळी धावत येतात, रडतात, समजावतात. अखेर पद्मदेव मुनिसंघात जातो आणि तरंगवती चंदनबालेच्या शिष्यपरंपरेतील गणिनीबरोबर साध्वीसंघात. ज्या दोघांना मृत्यू वेगळे करू शकला नाही ते दोघे स्वतःच्या इच्छेने वेगळ्या वाटांनी चालू लागतात.

येथे एक गोष्ट आवर्जून नोंदवावीशी वाटते. चक्रवाकीने अग्नीत उडी घेतली, हा भाग काहींना सतीप्रथेचे समर्थन वाटतो. तसे मुळीच नाही. आपल्या आगमांत मरणाचे जे प्रकार सांगितले आहेत त्यांत मोहवश होऊन पाण्यात किंवा अग्नीत प्रवेश करणे हे बालमरण, म्हणजे अज्ञानी जीवाचे मरण मानले आहे. पक्षिणीचे प्रेम खरे होते, पण त्या प्रेमाला जळण्यापलीकडे दुसरा मार्ग ठाऊक नव्हता. तोच जीव मनुष्यजन्मात आल्यावर त्याच प्रेमातून दुसरा मार्ग काढतो. उत्कट प्रेम एवढ्यानेच माणूस तरतो, असे पादलिप्तांनी कोठेही सुचविलेले नाही. ते उत्कट नसते तर सुटका झाली असती, असेही सुचविलेले नाही.

तरंगवतीनंतर ही धारा अखंड वाहत राहिली. उद्योतनसूरींनी जालोर येथे शके ७०० पुरे होण्यास एक दिवस असताना, म्हणजे इ. स. ७७९ मध्ये 'कुवलयमाला' पूर्ण केली. तिच्या आरंभी ते पूर्वसूरींत पादलिप्तांचे आदराने स्मरण करतात आणि कथेला नववधूची उपमा देतात. क्रोध, मान, माया, लोभ, मोह यांनी ग्रासलेले पाच जीव जन्मोजन्मी एकमेकांना सावरीत कसे जातात, हे राजकुमार कुवलयचंद्र आणि राजकन्या कुवलयमाला यांच्या प्रेमकथेत गुंफले आहे. त्यात विजयापुरीच्या बाजारात निरनिराळ्या देशांचे व्यापारी आपापल्या बोलीत बोलताना दाखविले असून त्यांत मराठे व्यापारीही आहेत. मराठी भाषेच्या इतिहासकारांना हा उल्लेख मोलाचा वाटतो, आणि तो एका जैन प्रेमकथेतून मिळाला आहे! या ग्रंथाचे साक्षेपी संपादन करणारे डॉ. आ. ने. उपाध्ये हे बेळगाव जिल्ह्यातील सदलग्याचे आणि कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राध्यापक होते. त्यांनी 'कुवलयमाला' १९५९ मध्ये प्रकाशात आणली.

आपल्या विदर्भाचा वाटाही थोडा नाही. कारंजा येथे भट्टारकांच्या गाद्या होत्या आणि तेथील शास्त्रभांडारांत अपभ्रंश ग्रंथांच्या प्रती जपल्या गेल्या. नागपूरहून १९२६ साली रायबहादूर हिरालाल यांची मध्यप्रांत व वऱ्हाडातील हस्तलिखितांची सूची निघाली, त्यातून विद्वानांचे लक्ष कारंजाकडे गेले. मग अमरावतीच्या किंग एडवर्ड महाविद्यालयातील प्रा. हिरालाल जैन यांनी पुष्पदंताचे 'णायकुमारचरिउ' १९३३ मध्ये संपादून प्रसिद्ध केले. (दोन हिरालालांची गल्लत पुष्कळ जण करतात, ते दोघे वेगळे.) नागकुमार हा साक्षात कामदेवासारखा देखणा, त्याचे विवाह अनेक, पराक्रम अनेक, आणि शेवट दीक्षेत. दिगंबर असो वा श्वेतांबर, या बाबतीत दोन्ही परंपरांची रीत सारखीच आहे.

स्थूलभद्र आणि कोशा यांची कथा सर्वांना ठाऊक असल्याने विस्तार करीत नाही. नंद राजाच्या मंत्र्याचा मुलगा बारा वर्षे पाटलीपुत्राच्या गणिकेकडे राहतो, पित्याच्या मृत्यूनंतर मंत्रिपद नाकारून दीक्षा घेतो आणि चातुर्मासासाठी तिच्याच चित्रशाळेत येऊन राहतो. त्याचा संयम सर्व जण वाखाणतात. मला कोशेविषयी अधिक आदर वाटतो. स्थूलभद्राची बरोबरी करायला गेलेला दुसरा मुनी मोहात पडतो, तेव्हा नेपाळहून आणलेली रत्नकंबल त्याच्यासमोर पाय पुसून गटारात फेकणारी ती बाई कोणत्याही उपदेशकाहून कमी नव्हती. इतका महाग माल असा फेकलेला पाहून त्या मुनीने हळहळावे यात नवल नाही. आमच्या धंद्यातला कोणीही हळहळला असता! कंबलीची खंत करतोस, आणि स्वतःचे जे घालवायला निघालास त्याची नाही, एवढेच ती सुचवते. प्रेम तिचेही होते. ज्याच्यावर होते त्याला तिने अडवले नाही आणि ज्याचे खोटे होते त्याला वाटेला लावले.

आता आपल्या वर्धा नदीकडे येतो. बल्लारपूरच्या किल्ल्याखालून वाहणारी हीच वर्धा वर अमरावती जिल्ह्यात कौंडिण्यपुराच्या काठाने येते. कौंडिण्यपूर म्हणजे प्राचीन कुंडिनपूर, विदर्भाची राजधानी. रुक्मिणीचे माहेर म्हणून सारा महाराष्ट्र त्याला ओळखतो. नल-दमयंतीची दमयंतीही तेथलीच. हेमचंद्राचार्यांनी बाराव्या शतकात 'त्रिषष्टिशलाकापुरुषचरित्रा'त ही कथा जैन परंपरेनुसार सांगितली आहे. तेथे तिचे नाव दवदंती. ती गर्भात असताना राणीने स्वप्नात वणव्याला भिऊन आलेला शुभ्र हत्ती पाहिला, म्हणून दव आणि दंती. आमच्या चांद्याच्या जंगलात उन्हाळ्यातले वणवे ज्यांनी पाहिले आहेत त्यांना या नावाचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची गरज नाही.

द्यूतात सर्वस्व हरलेला नल तिला अरण्यात झोपलेली टाकून जातो. जाताना स्वतःच्या रक्ताने तिच्या वस्त्रावर लिहितो की, या वाटेने विदर्भ, त्या वाटेने कोसल. जेथे वाटेल तेथे जा. हेही एक सोडणेच, पण केवढा फरक! दरोडेखोराने दोर सोडला आणि पतीने पत्नी सोडली. दवदंती एका गुहेत शांतिनाथ प्रभूंची मातीची मूर्ती करून सात वर्षे काढते. पुढे भेट होते, राज्य मिळते, आणि आयुष्याच्या उत्तरार्धात दोघेही दीक्षा घेतात.

साधारण कथाकार येथे थांबला असता. हेमचंद्राचार्य थांबत नाहीत. दीक्षेनंतरही नलमुनींच्या मनात दवदंतीविषयीची अभिलाषा जागी होते. आचार्य त्यांना दूर करतात. देवलोकीचा पिता येऊन त्यांना सावध करतो. व्रत पाळणे अशक्य वाटून ते अनशन स्वीकारतात, आणि हे कळल्यावर त्यांच्यावरील अनुरागामुळे दवदंतीही अनशन करते. पुण्यश्लोक म्हणून गौरविलेल्या राजाविषयी, साधू झाल्यानंतरही, असे लिहिण्याचे धैर्य कलिकालसर्वज्ञांनी दाखविले. लोच केला, वस्त्र बदलले, म्हणजे मन मोकळे झाले असे त्यांनी वाचकाला भासवले नाही. व्याख्यानांत हा भाग फारसा ऐकू येत नाही. मला तो संपूर्ण चरित्रातील अत्यंत सत्य भाग वाटतो.

मृत्यूनंतर नल कुबेर होतो आणि दवदंती देवलोकातून च्यवून कनकवती म्हणून जन्माला येते. तिच्या स्वयंवराला कुबेर स्वतः उपस्थित राहतो. पूर्वजन्मीची पत्नी म्हणून अजूनही त्याच्या मनात स्नेह आहे. पण तो तिला अडवीत नाही, आणि ती वसुदेवाला वरते. पुढे श्वेतांबर परंपरेनुसार या कनकवतीला घरातच, संसाराचे स्वरूप चिंतित असता, केवलज्ञान होते. त्यानंतर ती मुनिवेष धारण करून नेमिनाथ प्रभूंच्या दर्शनाला जाते. कौंडिण्यपूरला जाणारी आपली मंडळी रुक्मिणीच्या माहेराचे दर्शन घेऊन परततात. दवदंतीचे माहेरही तेच.